ल्युसिल बॉल: आधी नटी, मग मालकीण

कवडसा:
अमेरिकी नटी ल्युसिल बॉलबद्दल हल्ली जे वाचायला मिळतं त्यात स्टुडिओची मालकीण, असं पद भूषवणारी पहिली बाई, कोट्यवधींचा सौदा हेच असतं. 'आय लव्ह ल्युसी' या विनोदी टीव्ही मालिकेत तिने केलेल्या ल्युसीचा अभिनय मात्र 'धमाल करायची' एवढ्यावर आटोपतात. मला हे खटकतं.

१९५२चा टॉनिकच्या जाहिरातीचा भाग घ्या. टॉनिकमध्ये २३ टक्के अल्कोहोल आहे हे ल्युसीला ठाऊक नाही आणि तालमीत दर वेळी एक चमचा घ्यायचाय. पहिल्या चमच्याला तोंड वेडंवाकडं होतं, त्यावर ती ओढूनताणून हसू आणते. संवाद तेच राहतात, पण दर खेपेला एखादा शब्द निसटतो, जीभ जड होते, हळूहळू बाटली आणि चमच्याची गाठच पडेनाशी होते. नशा पायरीपायरीने चढते, तीही समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या देखत. कितीदा पाहिलं तरी मला गाळलेली पायरी सापडलेली नाही.

मालिका सुरू झाली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. १९३३पासून सिनेमात राबत होती, पण इतक्या वर्षांत सिनेमावाल्यांना तिच्यातली ही नटी दिसलीच नाही.

तिसरी घंटा:
असहमत. तुम्ही तो प्रसंग 'कितीदा' पाहू शकलात, तो कशामुळे? १९५१मध्ये बहुतेक विनोदी कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे. दूरच्या गावांना टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली धूसर नक्कल मिळायची. ल्युसिल आणि तिचा नवरा डेसी अर्नाझ हॉलिवूड सोडायला तयार नव्हते. त्यांनी तीन कॅमेरे लावून ३५ मिमी फिल्मवर चित्रण करायचं ठरवलं. खर्च वाढला, तेव्हा स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. पुनःप्रक्षेपणाचा धंदा उभा राहिला तो यातून. त्या काळचे किती चांगले नट हवेत विरून गेले!

ज्या आरकेओ स्टुडिओत ती करारावरची नटी होती, तोच या जोडप्याच्या 'डेसिलू' कंपनीने १९५७मध्ये विकत घेतला. १९६२मध्ये डेसीचा हिस्सा घेऊन ती एकटी प्रमुख झाली. 'स्टार ट्रेक' ही अंतराळावरची मालिका तिच्याच कारकिर्दीत उभी राहिली. माझ्या दृष्टीने तिचं खरं काम हे.

उंबरठा:
दोघांनीही डेसीला कोपऱ्यात बसवलंय. वाटाघाटी करणारा तो होता. सीबीएस या टीव्ही कंपनीला मालिकेत ल्युसीचा नवरा म्हणून क्यूबन डेसी नको होता, म्हणून ही जोडी लोकांना चालते हे दाखवायला १९५०मध्ये दोघं गावोगाव रंगमंचावर जोडीने प्रयोग करत फिरले.

आणि त्या व्यक्तिरेखेचं काय? ल्युसीला नवऱ्याच्या कार्यक्रमात काम करायचंय, नवरा नाही म्हणतो, ती फजिती करून घेते आणि परत स्वयंपाकघरात. काही भागांत तर तो तिला मांडीवर घेऊन चापट्या मारतो. अभिनय कितीही अव्वल असो, मला तिथे हसू येत नाही.

कवडसा:
डेसीचं श्रेय मान्य, मूळ लेखात लिहायला हवं होतं. चापट्यांचं समर्थन मीही करणार नाही.

पण ल्युसी दर आठवड्याला नव्याने धडपडते, हेही पाहा. शिवाय १९५२मध्ये खरोखर दिवस गेलेले असताना ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. 'गरोदर' हा शब्द उच्चारायचीही बंदी होती, संहिता धर्मगुरूंकडून तपासून घेत. १९ जानेवारी १९५३ला मालिकेत बाळ जन्मलं, त्याच दिवशी तिनेही मुलाला जन्म दिला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीलाही एवढे प्रेक्षक नव्हते. पोट असलेली बाई घराघरांत दिसली, हसवत राहिली. हे स्वयंपाकघरात परत जाणं नव्हे.

उंबरठा:
हा मुद्दा पटला. व्यक्तिरेखेबद्दलचं मत मात्र तेच.

तिसरी घंटा:
मग १९८६चं काय? नवी मालिका आली आणि जेमतेम आठ भाग दाखवून बंद झाली. लेखक तर जुनेच होते. नुसत्या अभिनयावर सगळं उभं असतं तर ती तगायला हवी होती.

कवडसा:
तिथे पंचाहत्तरीच्या बाईकडून चाळिशीतल्या कोलांट्या मागितल्या, ते फसणारच होतं. त्याच्या आदल्या वर्षीचा तिचा टीव्हीपट मिळाला तर पाहा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहणारी बेघर म्हातारी. विनोदाचा आधार नाही, गाजलेले लाल केस नाहीत. कथा थंडीतली, चित्रण उकाड्यात. अंगावर कपड्यांचे थरावर थर घालून ती उभी राहिली, पुढे अंगातलं पाणी कमी होऊन तिला इस्पितळात न्यावं लागलं. डेसिलू विकून तेव्हा १८ वर्षं झाली होती.