वास उन्हाचा, उष्णतेचा नव्हे

हिरव्या बाटलीतल्या लागरला (बिअरचाच एक प्रकार) कधीकधी येणारा उग्र वास 'बिअर गरम झाल्यामुळे' येतो, असं कुणी कुणी म्हणतात. ते मला पटत नाही. उष्णतेने बिअर शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. पण हा वास उजेडाचा. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं; त्यांतली कडवट द्रव्यं निळ्या आणि अतिनील प्रकाशात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की नावापुरतं असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारच कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. मिलर हाय लाइफ ही अमेरिकन बिअर पारदर्शक बाटलीत टिकते, कारण तिच्यात प्रकाशाने न फुटणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात.

मी स्वतः करून पाहिलंय. एकाच बाटलीतली पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) दोन ग्लासांत ओतली, एक उन्हात ठेवला, दुसरा शेजारीच पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकला. दहा मिनिटांत उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबरासारखा वास मारत होता, झाकलेल्याला ताज्या ब्रेडचाच. फेस मात्र दोन्हीकडे सारखा, म्हणजे नुसतं बघून काही कळत नाही.

म्हणून लागर घेताना मी आधी कॅन बघतो, मग तपकिरी बाटली. हिरवीच हवी असेल तर ट्यूबलाइटखाली मांडलेली न घेता बंद खोक्यातली मागा. आणि भरल्याची तारीख वाचाच, जुनी लागर तपकिरी काचेतही फिकी पडते.