स्पेनमधल्या सेव्हियात पहिले दोन दिवस निवांत कसे घालवावेत?

प्रश्न: मे महिन्यात मी आणि नवरा सेव्हियाला जातोय. सुरुवातीला धावपळ अजिबात नको. काय करावं?

उत्तर: कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, सकाळीच उरका. त्याच्या हिराल्दा मनोऱ्यात चढायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी. दुपारी खोलीवर सरळ ताणून द्या, ऊन भाजून काढतं. संध्याकाळी नदीवरचा पूल ओलांडून त्रियाना या वस्तीत जा. घरांच्या भिंतींवरच्या रंगीत फरश्या बघत आम्ही दोघं रमतगमत फिरलो, बायको तर प्रत्येक दारापाशी थांबायची. माझ्या मते सगळ्या शहरात तोच भाग सुरेख!

उत्तर: १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या हा भव्य चौक चुकवू नका. तिथे स्पेनच्या प्रांतांचे वेगवेगळे बाक आहेत.

उत्तर: रात्रीचं जेवण नऊनंतरच. तोवर तापास, म्हणजे छोट्या बशीतले चटकमटक पदार्थ, खा.