कृतज्ञतेच्या नोंदींचं अ‍ॅप अपडेट झालंय. नव्या सोयींपैकी काय चालू ठेवावं?

काजवा:
ग्रॅटिट्यूड जर्नलच्या अ‍ॅपला मोठं अपडेट आलंय. दिवसातून तीन रिमाइंडर, होम स्क्रीनवर विजेट (अ‍ॅप न उघडता त्यातलं काही दाखवणारा चौकोन), बोलून नोंद करायची सोय, एखादा दिवस चुकला तरी स्ट्रीक (सलग किती दिवस लिहिलं त्याचा आकडा) न तुटण्याची सवलत, बोटाच्या ठशाचं कुलूप, आणि जुन्या नोंदी वाचून प्रश्न सुचवणारं एआय, एवढं सगळं एकदम मिळालंय. नोंदी मराठीत आहेत, फोन अँड्रॉइड, शिवाय एक आयपॅड. प्रश्न तीन: यातलं खरंच उपयोगाचं काय? रिमाइंडर अपडेटनंतर वेळेवर का येत नाहीत? आणि उद्या अ‍ॅप बदलायचं ठरलं तर नोंदी शाबूत कशा न्यायच्या?

उंबरठा:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. तीन रिमाइंडर लगेच एकावर आणा. हा विषय ज्या अभ्यासामुळे चर्चेत आला, तो मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३चा. त्याच्या पहिल्या भागात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते, जास्तीत जास्त पाच गोष्टी. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे तुलना केली, तेव्हा आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. उलट बाजूने, मार्टिन सेलिग्मन यांच्या गटाच्या २००५च्या प्रयोगात रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या, पण फक्त एक आठवडा, आणि प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहायचं होतं. पुढे बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा परिणाम आहे पण माफक आहे, असंच दिसलं. औषधोपचाराच्या जागी हे वापरू नये, ते यासाठीच.

म्हणून माझ्या मते अपडेटची परीक्षा एकच: त्यामुळे नोंद नेमकी होते का? 'कुटुंब', 'आरोग्य', 'मित्र' अशी तयार बटणं देणारी सोय बंद करा. आठवड्याभरात तेच तीन शब्द फिरून येतात आणि नोंद म्हणजे हजेरी होऊन बसते. स्वतःचा प्रश्न घालता येत असेल तर हा घाला: 'काय घडलं, कोणामुळे घडलं, आणि ते घडलंच नसतं तर?' शेवटचा तुकडा फार कामाचा आहे. चांगली गोष्ट घडलीच नसती अशी कल्पना केली की तिची किंमत नव्याने जाणवते, हे २००८च्या एका अभ्यासात दिसलंय.

खटका:
रिमाइंडरचं सांगते. अँड्रॉइडवर तीन जागा तपासा, याच क्रमाने.

१. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या पानावर नोटिफिकेशनची परवानगी. अँड्रॉइड १३पासून ती वेगळी द्यावी लागते.
२. स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेसमध्ये 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स'. अँड्रॉइड १४वर नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपना ही परवानगी आपोआप मिळत नाही. ती नसेल तर अ‍ॅपला ठरल्या मिनिटाचा गजर लावता येत नाही, सिस्टिम आपल्या सोयीने उशिरा वाजवते. तुमचं दुखणं बहुधा हेच.
३. बॅटरीचं सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड'. फोन बराच वेळ नुसता पडून असला की डोझ ही बॅटरी वाचवणारी अवस्था सुरू होते आणि कामं पुढे ढकलली जातात.

आणि अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' करू नका. त्याने लावलेले गजर रद्द होतात, अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत काहीच वाजत नाही.

आयपॅडवर कारण निराळं असतं. तिथे एका अ‍ॅपची पुढची ६४च नोटिफिकेशन सिस्टिम रांगेत ठेवते. रोज वेगळा प्रश्न दाखवणारं अ‍ॅप प्रत्येक नोटिफिकेशन स्वतंत्र लावतं. दिवसाला तीन म्हणजे साधारण २१ दिवसांत रांग संपते. अ‍ॅप उघडलं की ती पुन्हा भरते. म्हणजे ज्याने अ‍ॅप उघडणं सोडलंय, नेमकी त्याचीच आठवण बंद होते! दिवसाला एक ठेवलं तर रांग दोन महिने पुरते. शिवाय 'शेड्यूल्ड समरी'त (ठरल्या वेळी एकत्र दाखवायच्या नोटिफिकेशनमध्ये) हे अ‍ॅप गेलं नाही ना, ते बघा.

कुलपाबद्दल: बोटाचा ठसा दार अडवतो, पण आतला मजकूर त्यामुळे एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारा) होतोच असं नाही. विजेटवर कालची नोंद दिसत असेल किंवा नोटिफिकेशनमध्ये मजकूर येत असेल तर कुलपाचा काय उपयोग? विजेटवर फक्त प्रश्न ठेवा, लॉक स्क्रीनवर मजकूर लपवा, आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत नोंदीचं चित्र दिसतंय का तेही पाहा.

गोंदण:
स्ट्रीकच्या सवलतीबद्दल उंबरठा काही बोलले नाहीत. ती जरूर चालू ठेवा, किंवा स्ट्रीकच लपवा. आकडा वाचवायला रात्री पावणेबाराला लिहिलेली ओळ कोणाच्याच कामाची नसते. दिवस कधी बदलतो हे सेटिंग असेल तर पहाटे तीन किंवा चार ठेवा, म्हणजे मध्यरात्रीनंतरची नोंद आदल्या दिवसात जाते. आठवड्याचं उद्दिष्ट ठेवता येत असेल तर त्याहून उत्तम.

एआयबद्दल एकच तपासा: नोंदी फोनवरच वाचल्या जातात की सर्व्हरवर जातात? स्टोअरच्या पानावरची गोपनीयतेची माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेली असते, म्हणून त्यांचं धोरण उघडून वाचा. स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बंद ठेवा. या नोंदींत दुसऱ्यांची नावं असतात.

पानगळ:
आता नोंदी नेण्याचं. हा भाग लोक शेवटी बघतात, तो आधी बघायला हवा.

अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप एका अ‍ॅपला २५ एमबीच देतो. नुसत्या मजकुराला ते वर्षानुवर्षं पुरतं. पण ६४ केबीपीएसने (सेकंदाला ६४ किलोबिट) ध्वनिमुद्रण केलं तर मिनिटाला जवळपास अर्धा एमबी जातो. रोज दोन मिनिटं बोललात तर महिन्याच्या आतच मर्यादा ओलांडते आणि पुढचा बॅकअप होत नाही. फोटो तर त्याहून लवकर. म्हणून बोलून नोंद केली की मजकूर तपासा (विशेषनामं हमखास चुकतात), दुरुस्त करा, आणि आवाज फार मोलाचा नसेल तर काढून टाका.

एक्सपोर्टचे प्रकार:
सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) मजकुरासाठी ठीक, फोटो त्यात येत नाहीत. मराठी फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर अनेकदा चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकीचं धरलेलं असतं. 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा. तशी उघडलेली फाइल सेव्ह मात्र करू नका, मूळ प्रत तशीच राहू द्या.
पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. अ‍ॅपने वापरलेल्या पीडीएफच्या साधनाला देवनागरीची जुळणी येत नाही, हे त्याचं कारण. पीडीएफ वाचायला ठेवा, बॅकअप म्हणून धरू नका.
जेसन (दुसऱ्या अ‍ॅपला वाचता येईल अशी मजकुराची फाइल) आणि फोटोंचा फोल्डर एका झिपमध्ये मिळत असेल तर तोच घ्या. डे वन हे अ‍ॅप तसं देतं.

मराठीत शोध चालतो का तेही बघा. 'ऱ' हे अक्षर एकाच कोडने लिहिता येतं किंवा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडूनही. दिसायला सारखं, पण अ‍ॅप दोन्ही एकरूप करत नसेल तर एका कीबोर्डवर लिहिलेलं 'सुऱ्या' दुसऱ्या कीबोर्डवरून सापडत नाही.

काजवा:
मनापासून आभार. 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' बंदच होतं. आयपॅडवर अ‍ॅपलचं जर्नल घ्यावं का? आणि बॅकअप खरंच चालतो, याची खात्री कशी करायची?

खटका:
अ‍ॅपलचं जर्नल २०२३च्या डिसेंबरमध्ये फक्त आयफोनवर आलं, २०२५मध्ये आयपॅड आणि मॅकवरही आलं, आणि एकापेक्षा जास्त वह्या करता येऊ लागल्या. चांगलं आहे. पण अँड्रॉइडवर ते नाही, त्यामुळे तुमच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातील. दोन्हीकडे चालणारं एकच अ‍ॅप ठेवा, आणि दोन्ही उपकरणं ऑफलाइन असताना एकच नोंद दोन्हीकडे बदलू नका. बऱ्याच अ‍ॅपमध्ये नंतर पोचलेला बदल टिकतो आणि आधीचा पुसला जातो.

पानगळ:
खात्रीसाठी: एक्सपोर्ट करा, फाइल फोनबाहेर ठेवा. मग आयपॅडवर अ‍ॅप टाकून, सिंक (दोन उपकरणांतल्या नोंदींची आपोआप जुळणी) बंद ठेवून, ती फाइल आयात करा. नोंदींची एकूण संख्या, सगळ्यात जुन्या नोंदीची तारीख, एक फोटो आणि एक जोडाक्षरांनी भरलेली नोंद, हे चार जुळवा. तारखा एका दिवसाने सरकल्या असतील तर अ‍ॅप तारीख यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतंय, म्हणजे आयात करताना योग्य टाइम झोन द्यावा लागेल. नोंदी दुप्पट झाल्या तर समजा की आयात करताना अ‍ॅप जुन्या नोंदी ओळखत नाही, तेव्हा ती नेहमी रिकाम्या अ‍ॅपमध्येच करायची. एन्क्रिप्शनची किल्ली अ‍ॅपने दिली असेल तर तीही फोनबाहेर लिहून ठेवा, कारण ती हरवली तर तुमच्या नोंदी अ‍ॅप बनवणाऱ्यालाही उघडता येत नाहीत.