गहू मानवत नसल्याचा संशय : आपापले अनुभव लिहावेत

निळी_शाई

काल कपाट आवरताना एक जुनी वही हाती लागली. आठ वर्षांपूर्वी सलग चार महिने मी त्या वहीत रोज डाव्या रकान्यात काय खाल्ले आणि उजव्या रकान्यात पोटाचे काय झाले, हे लिहून ठेवले होते. उजवीकडे ‘गुबारा धरला’, ‘डोके जड’, ‘दुपारी उभे राहवेना’ असे शब्द पुन्हा पुन्हा आलेले आहेत आणि त्यांच्या समोर डावीकडे जवळजवळ दर वेळी कणीक, मैदा किंवा रवा आहे. वही भरत आली तेव्हा मी कोणालाही न विचारता गहू बंद केला, तीन आठवड्यांत पोट हलके झाले आणि त्याच आनंदात मी डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तपासणीच्या आधी बंद का केलात?” सीलिअ‍ॅक आजारासाठी (यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते) रक्तातली जी प्रतिपिंडे पाहतात, ती गहू खाण्यात असतानाच भरवशाने दिसतात, गहू सुटला की ती हळूहळू कमी होतात आणि आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते, त्यामुळे आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. निदान सहा आठवडे रोज गहू खाऊन मग या, असे त्यांनी सांगितले. माझे धाडस झाले नाही. तेव्हापासून मी पथ्य सांभाळते आहे, पण ते कशाचे पथ्य आहे हे मला ठाऊक नाही.

हे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या रक्तात लोह फार कमी आढळले आणि तिच्या डॉक्टरांनी विचारले, “घरात कोणाला सीलिअ‍ॅक आहे का?” मला हो म्हणता आले नाही आणि नाहीही म्हणता आले नाही. ज्यांनी असा संशय घेऊन वर्षे काढली आहेत, त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत.

उंबरठा

आमच्या घरी नेमके उलटे घडले. मला पोटाचा कसलाही त्रास नव्हता. फक्त हिमोग्लोबिन आठच्या वर जात नव्हते, गोळ्या घेतल्या की थोडे चढायचे आणि पुन्हा उतरायचे. दोन वर्षे लोहाच्या गोळ्याच बदलत राहिलो. शेवटी एका डॉक्टरांनी प्रतिपिंडांची चाचणी केली आणि मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले चार-पाच तुकडे काढून तपासायला पाठवले. अन्नरस शोषून घेणारे रसांकुर सपाट झालेले होते. लोह मुख्यतः त्याच भागात शोषले जाते, म्हणून गोळ्या लागू पडत नव्हत्या.

ताई, तुमच्या मुलीची तपासणी होईपर्यंत तिचा गहू मुळीच बंद करू नका, एवढे कळकळीने सांगतो. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांच्यापैकी कोणाला हा आजार असेल, तर इतरांमध्ये तो असण्याची शक्यता साधारण दहात एक इतकी असते. एरवी ती शंभरात एकाच्या आसपास असते.

मृद्गंध

प्रतिपिंडांच्या चाचणीबरोबर एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार) मोजायला अवश्य सांगावे. काही जणांच्या शरीरात ते मुळातच फार कमी तयार होते आणि मग नेहमीची चाचणी आजार असूनही निर्दोष येते. माझ्या बहिणीच्या बाबतीत असेच झाले आणि त्यात दीड वर्ष वाया गेले.

निळी_शाई

@मृद्गंध, मनापासून आभार. हे लिहून घेतले आहे.

पाऊलवाट

माझा अनुभव थोडा लांब आहे, पण गहू सोडून बरे वाटलेल्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते.

माझी सीलिअ‍ॅकची तपासणी वेळेवर, गहू खात असतानाच झाली होती आणि ती निर्दोष होती. गव्हाची अ‍ॅलर्जीही नव्हती. तरीही गहू सोडला की पोट शांत राहायचे, म्हणून मी सहा वर्षे ‘मला ग्लुटेन सोसत नाही’ असे ठामपणे सांगत राहिलो. नंतर एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला समजावले, की गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची कर्बोदकेही असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंमुळे आंबतात, वायू होतो आणि ज्यांचे आतडे संवेदनशील आहे त्यांना ताण जाणवतो. गहू सोडला की ग्लुटेन आणि फ्रुक्टान दोन्ही एकदमच सुटतात, त्यामुळे आराम कशामुळे पडला हे आपल्याला कळत नाही.

त्यांच्या देखरेखीखाली आम्ही घरीच परीक्षा घेतली. पत्नी एका आठवड्यात माझ्या दाट सूपमध्ये वेगळे काढलेले ग्लुटेन मिसळत असे आणि एका आठवड्यात काहीच मिसळत नसे. कोणता आठवडा कोणता, हे तिने तिच्याजवळच्या चिठ्ठीत लिहून ठेवले होते. मी दोन्ही आठवड्यांत सारखाच होतो. त्यानंतर कांदा आणि लसूण भरपूर असलेला आठवडा आला, कारण या दोन्हींत फ्रुक्टान विपुल असते, आणि तिसऱ्या दिवशी मला पट्टा सैल करावा लागला. चिठ्ठी उघडली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. सहा वर्षे मी चुकीच्या गोष्टीला दोष देत आलो होतो आणि खरी गोष्ट रोजच्या फोडणीत होती.

नॉर्वेत झालेला असाच एक प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या आणि सीलिअ‍ॅक नसलेल्या ५९ जणांना सात-सात दिवस ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेला पदार्थ असे आळीपाळीने, त्यांना न सांगता दिले. सर्वाधिक त्रास १३ जणांना ग्लुटेनने झाला, २४ जणांना फ्रुक्टानने आणि २२ जणांना काहीच न मिसळलेल्या पदार्थाने. त्या २२ जणांना ढोंगी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्रास होणार या धास्तीने आतडे खरोखरच आवळते. मी ते स्वतः अनुभवले आहे.

सांजवारा

पाऊलवाटदादा, शेवटचे वाक्य वाचून डोळे भरून आले. माझे सगळे अहवाल निर्दोष आहेत आणि त्रास मात्र खरा आहे. कोणाकडे पाहुणी म्हणून गेले की “जरासे खाल्ल्याने काय होते?” हा प्रश्न येतो. ज्यांच्याकडे निदानाचा कागद असतो ते तो दाखवू शकतात. माझ्यासारखीने काय दाखवायचे? हल्ली मी आधीच फोन करून सांगते आणि माझ्यापुरते बरोबर घेऊन जाते, तरीही यजमानीणबाईंचा उतरलेला चेहरा मला दिवसभर आठवत राहतो.

उंबरठा

@सांजवारा, कागद असला तरी तोच प्रश्न विचारतात. फरक एवढाच, की माझ्या बाबतीत त्याचे उत्तर निश्चित आहे : ग्लुटेनविरहित म्हणवणाऱ्या पदार्थाला आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका किलोमागे फक्त २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे, म्हणजे पावाचा चुराही मला जास्तच होतो. चाळणी, पोळपाट आणि पाव भाजण्याचे यंत्र आम्ही वेगळे केले आहे. सीलिअ‍ॅक नसलेल्यांना बहुधा इतके सोवळे पाळावे लागत नाही, आणि नेमके निदान हवे ते याचसाठी.

चांदणवेल

मी सध्या घाईत आहे, तरीही लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे आणि या धाग्यात वर्णन केलेल्या त्रासांहून ती अगदी वेगळी आहे. बिस्किटाचा तुकडा खाल्ल्यावर दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वासाला घरघर लागली. ज्याला गव्हानंतर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत असे होते, त्याने घरी प्रयोग करत बसू नये. आम्ही अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन सदैव जवळ बाळगतो. काही मोठ्या माणसांना तर गहू खाऊन लगेच व्यायाम केला तरच अशी तीव्र प्रतिक्रिया येते, एरवी येत नाही. त्यामुळे कारण लवकर लक्षातच येत नाही.

जुनी_पाटी

मी निवृत्त शिक्षक आहे. नात सीलिअ‍ॅक असल्यामुळे या विषयाचा इतिहास वाचत गेलो. १८८८मध्ये सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराचे नीट वर्णन केले आणि उपाय असला तर तो आहारातच असेल, हेही ओळखले. पण कोणता पदार्थ टाळायचा हे त्यांना सापडले नाही. विसाव्या शतकात काही काळ अशा मुलांना मुख्यतः केळ्यांवर ठेवत आणि ती सुधारत, कारण त्या आहारात गहू नसे. गव्हावर नेमके बोट ठेवले ते विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या दिवसांत ही आजारी मुले खालावली नाहीत. त्यांच्या मनात गव्हाविषयी संशय त्याआधीपासूनच होता. तो त्यांनी काळजीपूर्वक मोजमाप करून १९५०च्या प्रबंधात मांडला.

निळी_शाईताई, डिके यांनीही काय खाऊ घातले आणि काय घडले याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. म्हणून तुमची वही जपून ठेवा.

सांजवारा

सर, नात आता कशी आहे?

जुनी_पाटी

उत्तम आहे. वर्षभरात चार बोटे उंच झाली. विचारल्याबद्दल आभारी आहे.

ओलीवाळू

रक्ताच्या एका थेंबातून नव्वद पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारी आयजीजी चाचणी मी करून घेतली होती. अहवालात गहू, दूध, अंडी, बदाम, टोमॅटो अशी लांबलचक लाल यादी आली आणि मी ते सगळे सोडले. पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरले, केस गळू लागले. नंतर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी समजावले, की आयजीजी प्रतिपिंडे बहुधा आपण तो पदार्थ खात आलो आहोत एवढेच दाखवतात. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८मध्येच या चाचणीवरून निदान करू नये असे सांगितले होते. विकणाऱ्यांनी हे मला सांगायला हवे होते. आजारी माणसाच्या हतबलतेचा असा फायदा घेतलेला पाहून मला आजही संताप येतो.

काठावरची

मी याविषयी पहिल्यांदाच लिहीत आहे. गहू सोडल्यावर मलाही बरे वाटले होते, म्हणून मी दोन वर्षे स्वतःचे निदान स्वतःच करून बसले. शौचातून अधूनमधून रक्त जात होते, रात्री पोटदुखीने जाग येत होती, तरी ‘कुठेतरी चुकून गहू पोटात गेला असेल’ अशी समजूत मी करून घेत असे. प्रत्यक्षात तो क्रोन्स हा आतड्याचा दाहाचा आजार होता आणि उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे आतड्याचा काही भाग काढावा लागला. रक्त जाणे, वजन घटणे, रात्री दुखून जाग येणे, यांपैकी काहीही होत असेल तर कृपया पथ्यावर विसंबून राहू नका.

मृद्गंध

@काठावरची, तुम्ही हे लिहिलेत हे फार मोलाचे आहे. आता प्रकृती कशी आहे?

काठावरची

औषधे चालू आहेत. गेले वर्ष चांगले गेले. आणि गहू मी आता खाते.

निळी_शाई

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आज डॉक्टरांशी बोलून आले. मुलीच्या प्रतिपिंडांसाठी आणि एकूण आयजीएसाठी रक्त दिले आहे आणि तिचा गहू चालू ठेवला आहे. माझ्यासाठी त्यांनी आधी जनुकांची चाचणी सुचवली. डीक्यू२ आणि डीक्यू८ या खुणा लोकसंख्येतल्या तीस ते चाळीस टक्के लोकांत असतात, त्यामुळे त्या सापडल्याने काहीच सिद्ध होत नाही. परंतु दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असे म्हणता येते, आणि त्या चाचणीसाठी गहू खावा लागत नाही. आठ वर्षांपूर्वी मी परत गेले असते तर कदाचित हेही कळले असते.

खुणा सापडल्या तर मात्र सहा आठवडे गहू खायचा, असे ठरवले आहे. मला भीती वाटते आहे. वहीत शेवटची अकरा पाने कोरी आहेत, ती मी आज आखून ठेवली.

उंबरठा

अकरा पुरणार नाहीत, ताई. सहा आठवड्यांचे बेचाळीस दिवस होतात. वेळ आली तर रोज इथे लिहा, आम्ही वाचत राहू.