.३२७ पेक्षा .३२ एच अँड आर बरं, असं का वाटतं

एकाचा अमेरिकेतला मामेभाऊ छोट्या बोअरचं, म्हणजे बारीक नळीचं, रिव्हॉल्वर बनवून घेतोय. त्याला चेंबर (काडतूस बसायची जागा) .३२७ फेडरल मॅग्नम या काडतुसाचंच करायला सांगा, म्हणजे .३२ लाँग आणि .३२ एच अँड आर मॅग्नम ही आखूड काडतुसंही त्यात चालतील, असं कुणीतरी सुचवलंय. चालतील हे खरं, पण त्याची किंमत मोजावी लागते.

मी ठाण्याचा. नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात .३२ लाँगची वॅडकटर मारतो. सपाट तोंडाची ही गोळी कागदाला पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पाडते, आणि धक्का इतका हलका की हात जागचा हलत नाही. आता लाँगची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) साधारण २३ मिमी लांब, .३२७ ची साडेतीस. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये मारत राहिलं की पुंगळीच्या तोंडापुढे काजळीचं कडं धरतं. मग लांब काडतूस आत जाताना अडतं, किंवा रिकामी पुंगळी बाहेर यायला कुरकुरते. पितळी ब्रशने चेंबर अन् चेंबर घासत बसा. शिवाय गोळीला बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांपर्यंत जास्त अंतर मोकळं जावं लागतं.

भावाला नव्वद टक्के वेळा कागदावरच मारायचंय ना? मग १९८४ चं .३२ एच अँड आर घ्यावं. लाँग त्यातही चालतं आणि पुंगळ्यांतला फरक चारच मिमी. .३२७ चा दाब ४५,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जातो, सिलिंडर (चेंबर असलेला फिरता भाग) त्या ताकदीचा हवा. एच अँड आरच्या जुन्या सिलिंडरची चेंबरं नुसती खोल करून .३२७ चं कदापि करू नये.

आणि हे सगळं तिकडचं. इथे भारतात परवान्याशिवाय शस्त्र बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.