फिफ्टी सेंटला डील गोळ्यांमुळे मिळालं का?

इंद्रायणीकाठ:
मी २१ वर्षांचा, आळंदीजवळ राहतो. दोन वर्षं मराठीत रॅप लिहितोय. मित्रांचं म्हणणं, रस्त्यावर राडे केल्याशिवाय रॅपरला कोणी विचारत नाही. दाखला ठरलेला: अमेरिकन रॅपर फिफ्टी सेंटने बंदुकीच्या नऊ गोळ्या अंगावर झेलल्या म्हणून बडा रॅपर एमिनेमने त्याला उचललं, अल्बमचं डील दिलं. माझे वडील रिक्षा चालवतात, माझ्या नावावर साधी तक्रारही नाही. मग माझ्या शब्दांना वजन येणारच नाही का? डीलच्या आधी न्यूयॉर्कमध्ये त्याचं नाव नेमकं कशावर झालं होतं, कोणी नीट सांगेल का?

जमैकाचा_जुना:
भाऊ, तुझे मित्र क्रम उलटा सांगतायत. गोळ्यांनी त्याचं डील घालवलं.

मी २००१ ते २००३ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात होतो, जमैका ॲव्हेन्यूवर एका मोबाइलच्या दुकानात कामाला. फिफ्टी तिथून जवळच, क्वीन्समधल्याच साउथ जमैका वस्तीतला. १९९९ मध्ये तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे होता, अल्बम तयार होता. २४ मे २००० रोजी आजीच्या घरासमोर गाडीत बसलेला असताना त्याच्यावर गोळीबार झाला. एक गोळी गालात शिरली, त्यानंतर त्याचा उच्चार कायमचा जडावला. कंपनीने हात झटकले, अल्बम पडून राहिला. त्याला जवळ करायलाही लोक घाबरत होते.

मग त्याने मिक्सटेप काढल्या, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच काढलेले गाण्यांचे संच. निर्माता शा मनी एक्सएलच्या घरच्या स्टुडिओत, टोनी येयो आणि लॉइड बँक्स या रॅपरांना सोबत घेऊन. दुसऱ्यांच्या गाजलेल्या बीटवर नुसता रॅप नाही करायचा, धृपदसुद्धा नवं बांधायचा. तेव्हा मिक्सटेपवर सहसा सुटे कडवेच असायचे, याची गाणी पुरी असायची. डीजे हू किड त्या टेप बाजारात सोडायचा.

आमच्या दुकानाबाहेर एक माणूस घडीच्या टेबलावर सीड्या मांडायचा. कव्हर म्हणजे रंगीत झेरॉक्स, शाई बोटांना लागायची. २००२ च्या उन्हाळ्यात फिफ्टीच्या सीड्या दुपारीच संपायच्या. गिऱ्हाईक कॉलिंग कार्ड घ्यायला यायचं ते त्याचंच धृपद गुणगुणत. रेडिओच्या आधी हे मी रोज ऐकत होतो. नाव झालं ते असं.

त्यातलीच एक टेप वकिलामार्फत एमिनेमच्या मॅनेजरकडे, तिथून एमिनेमकडे गेली. २००२ मध्येच दहा लाख डॉलरचा करार झाला. फेब्रुवारी २००३ मध्ये अल्बम आला आणि पहिल्या काही दिवसांतच ८ लाख ७२ हजार प्रती खपल्या.

गोळ्यांच्या कथेने पुढे जाहिरातीला धार आली, हे खरं आहे. पण आई आठव्या वर्षी गेली, बाराव्या वर्षी तो गल्लीत ड्रग्ज विकायला लागला, याला मी तरी कमाई म्हणणार नाही.

सूर_साताऱ्याचा:
वरच्यांकडून एक माणूस राहून गेला. रन-डीएमसी या रॅप गटाचा डीजे जॅम मास्टर जे, तोही क्वीन्सचाच, हॉलिस वस्तीतला. १९९६ च्या सुमारास त्याने फिफ्टीला बार (तालाची आवर्तनं) मोजायला आणि धृपद बांधायला शिकवलं. त्याआधी हा नुसता यमक जुळवत सुटायचा. ३० ऑक्टोबर २००२ ला जेचाच त्याच्या स्टुडिओत खून झाला, शिष्याचा अल्बम यायला तीन महिने राहिले होते. मला ही गोष्ट फार लागते.

जेबीनगरकर:
आपल्या अंधेरीतला रॅपर डिव्हाइन घ्या. वर्गातल्या एका मुलाच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंट दिसला आणि तिथून त्याला या संगीताची गोडी लागली. आई परदेशात नोकरीला, आजीने सांभाळलेला पोरगा. त्याने क्वीन्सच्या बंदुका उसन्या नाही आणल्या, आमच्या जे. बी. नगरच्या गल्ल्या लिहिल्या. तुमच्या वडिलांच्या रिक्षात काय काय ऐकू येतं, तेच लिहा की.

इंद्रायणीकाठ:
जुनेदादा, खूप आभार. धृपदाची बाजू माझी कच्चीच आहे, कडवी मात्र पानंच्या पानं होतात. धृपद पक्कं झालं हे ओळखायचं कसं?

जमैकाचा_जुना:
वडिलांच्या रिक्षात लाव. आळंदीहून पुण्यापर्यंत दोनदा वाजव, काही बोलू नकोस. रात्री जेवताना त्यांच्या तोंडात आलं, तर ते ठेव. नाही आलं, तर दुसरं बांध आणि इथे टाक, मी ऐकतो.