वाढत्या उपनगरात घर घ्यावे का? खरे मोल कसे जोखावे?

प्रश्न

नमस्कार. शहरापासून थोड्या लांब, झपाट्याने वाढणाऱ्या एका उपनगरात घर घ्यावे की नाही, या विचारात आम्ही नवरा-बायको गेले काही महिने आहोत. जुन्या वस्तीतल्या घराच्या जवळपास निम्म्या किमतीत तिथे तेवढेच घर मिळते. रेल्वे येणार असे सगळेच सांगतात आणि आत्ता घेतले नाही तर भाव हाताबाहेर जातील, असे विक्रेते प्रत्येक भेटीत बजावतात. आज मात्र तिथे ना धड बाजार आहे, ना दवाखाना. घर राहण्यासाठीच हवे आहे, पण नोकरीमुळे पाच-सात वर्षांत ते विकावे लागले तर पस्तावण्याची वेळ येऊ नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम तिथल्या भाड्याची चौकशी करा. भाडेकरू आजच्या सोयींचेच पैसे देतो, चार वर्षांनी येणाऱ्या रेल्वेसाठी तो आज एक पैसाही जास्त मोजत नाही. घराची किंमत मात्र उद्याच्या आशेसकट ठरते. म्हणून वर्षाचे भाडे किमतीच्या किती टक्के येते, हे जुन्या वस्तीसाठी आणि या उपनगरासाठी वेगवेगळे काढून पाहा. समजा, जुन्या वस्तीत ते ३ टक्के आणि इथे २ टक्के निघाले, तर जुन्या वस्तीच्या मापाने आजच्या सोयींचे मोल किमतीच्या दोन तृतीयांशच भरते आणि उरलेला तिसरा हिस्सा तुम्ही अजून न झालेल्या कामांसाठी देत आहात. नव्या वस्तीत एकाच वेळी बरीच घरे भाड्याने निघतात, त्यामुळे तिथले भाडे काही काळ पडलेले असू शकते, एवढी सूट हिशेबात जरूर द्या.

प्रतिसाद २

वरचा मुद्दा पटला, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूची मोकळी जमीन. आम्हीही अशाच ठिकाणी घर घेतले होते. सहा वर्षांनी विकायला काढले तेव्हा आमच्या खिडकीतूनच तीन नव्या इमारतींचे सांगाडे दिसत होते. येणारा प्रत्येक ग्राहक आमचे घर पाहून समोरच्या विक्री कार्यालयात जायचा, कारण तिथे थोड्याफार फरकाने कोरे घर आणि हप्त्यांची सवलत मिळत होती. लोकवस्ती वाढली म्हणून भाव वाढतोच असे नाही. मागणीबरोबर घरेही तितक्याच वेगाने उभी राहत असतील तर भाव जागच्या जागी राहतो. डोंगर, नदी किंवा राखीव जंगल यांमुळे ज्या उपनगराला पसरायला जागा नाही, तिथली गोष्ट वेगळी.

कर्जाचेही गणित मांडा. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतले, तर पहिल्या हप्त्यातला सुमारे पाच षष्ठांश भाग व्याजातच जातो आणि पाच वर्षे नियमित हप्ते भरूनही १०० रुपयांपैकी जवळपास ८९ रुपये मुद्दल बाकी राहते. लवकर विकणाऱ्याला हे फार जड जाते. आम्हाला गेले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. उपनगराच्या तीन बाजूंना मोकळी जमीन आहे, हे आम्ही नुसते पाहिले होते. त्याचा अर्थ आज कळला. रेल्वेचा भरवसा नेमका कितपत धरावा?

प्रतिसाद ३

घोषणा, मंजुरी, भूसंपादन, निविदा आणि प्रत्यक्ष खांब या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. भाव बहुधा पहिल्याच पायरीवर उडी मारतो आणि काम तिसऱ्या पायरीवर अडते. भूसंपादन पूर्ण झाले नसेल, तर रेल्वे नाहीच असे धरून हिशेब करा आणि तरीही घर परवडते व राहण्याजोगे वाटते का, ते पाहा.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली असे मांडले होते की माणसे रोजच्या प्रवासाला सरासरी सुमारे एक तासच देतात. वाहने वेगवान झाली तर वेळ वाचण्याऐवजी वस्ती लांब पसरते. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका. कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत स्वतः दोनदा जाऊन या.

आणखी एक करा. रात्री आठच्या सुमारास तिथे उभे राहून किती खिडक्यांत दिवे लागले आहेत, ते मोजा. सगळी घरे विकली गेली असे सांगतात आणि निम्मी इमारत अंधारात असते, तेव्हा ती घरे गुंतवणूकदारांकडे आहेत असे समजा. तुम्ही विकायला निघाल त्याच सुमारास तेही निघतील. शिवाय माणसेच राहत नसतील, तर दुकान आणि दवाखाना कोणाच्या भरवशावर उघडेल?

प्रश्नकर्ता

काल रात्री जाऊन आलो. आम्ही पाहिलेल्या इमारतीत ४८ पैकी १७ घरांत दिवे होते. पलीकडच्या जुन्या गावठाणालगतच्या छोट्या इमारतीत मात्र जवळजवळ सगळे मजले उजळलेले होते, खाली किराण्याचे दुकान उघडे होते आणि त्या बाजूला नवीन बांधकामाला फारशी जागाही उरलेली नाही. घर थोडे लहान आहे, पण आता तिथल्या भाड्याची चौकशी सुरू केली आहे.